नवघरच्या बांधावरचं सरकार

भाईंदर स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून नवघर रस्ता धरला की गर्दीच्या आधी आवाज भेटतो. औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या पत्र्याच्या गोल चकत्या प्रेसखाली जातात, वाटी, डबा, पातेलं असा आकार घेऊन बाहेर येतात आणि पॉलिशच्या चाकावर चढतात. चाकासमोर बसलेल्या माणसाच्या भुवयांपर्यंत काळी भुकटी साचलेली असते. बाहेर उभ्या टेम्पोत खोके चढतात आणि चालकाच्या हातात कागद पडतात.

थोडं पुढे नवघर गाव लागतं. मुळात हे आगरी गाव. टोलेजंग इमारतींच्या मध्ये अजून काही बैठी घरं आणि अंगणं टिकून आहेत. वस्तीची शेवटची इमारत मागे पडली की अचानक आभाळ मोठं होतं. समोर सपाट, ओली, करड्या रंगाची जमीन पसरलेली असते. तिच्यावर सरळ रेषांत आखलेले बांध आहेत आणि पलीकडे खाडीच्या कडेची तिवरं. हे मिठागर. इथल्या बोलीत नुसतं आगर.

दिवाळीच्या सुमाराला आलेल्या माणसाला इथे मीठ दिसत नाही. पांढऱ्या राशींचं चित्र डोक्यात घेऊन यावं तर पुढ्यात चिखल येतो. चार महिन्यांच्या पावसाने बांध खचवलेले असतात, वाफ्यांत गोडं पाणी साचलेलं असतं. माणसं गुडघाभर गाळात उभी राहून फावड्याने चिखलाचे गोळे काढतात, बांधावर टाकतात आणि पायाने, हाताने थापून बसवतात. दिवसभरात एक माणूस किती बांध सांधतो ते वाऱ्यावर, पाण्यावर आणि त्याच्या कमरेवर अवलंबून असतं.

कर हा विषय समोर आला की डोळ्यांपुढे येतात दिल्लीतली दगडी कचेरी, मुंबईतलं आयकर भवन, सनदी लेखापालांच्या टेबलावरच्या फायली. राष्ट्रीय पातळीवर कर गोळा करणारी यंत्रणा जमिनीवर कशी चालते, ती माणसाच्या हातापायांपर्यंत कशी पोहोचते, हे पाहायचं असेल तर मात्र नवघरच्या बांधावर यावं लागतं. जवळपास एकशेदहा वर्षं सरकारने याच चिखलात उभं राहून कर वसूल केला. तो कर १९४७ साली गेला. त्याच्यासाठी आखलेली जमीन, तिच्यावरचा हक्क आणि त्या हक्काचा वाद तिथेच राहिला.

उन्हाचं पीक

समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण साडेतीन टक्के असतात. ते पाणी उन्हात आटवून मीठ काढायचं, इतकं सोपं हे काम वाटतं. बांधावर उभं राहिलं की त्यातली अक्कल दिसू लागते.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी चढते, तेव्हा उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, पाणी आत घ्यायचं. ते आधी मोठ्या, खोल साठ्यात थांबतं आणि गाळ खाली बसतो. तिथून ते एकापेक्षा एक उथळ वाफ्यांत फिरवत न्यायचं. प्रत्येक वाफ्यात थोडं आटतं, थोडं जड होतं. शेवटी ते कोंडीत येतं. कोंडी म्हणजे मीठ जिथे धरतं तो लहान, सपाट वाफा. कोंडीचा तळ हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवून, चेपून जमिनीसारखा घट्ट करावा लागतो. तळ भुसभुशीत राहिला तर मिठात माती येते आणि भाव पडतो.

पाण्याचा जडपणा मोजायला बोमे नावाचं मापक असतं. समुद्राचं पाणी त्यावर तीन-साडेतीन अंश दाखवतं. मीठ पंचवीस अंशांच्या आसपास धरू लागतं. तिशीकडे गेलं की मॅग्नेशियमचे कडू क्षार उतरू लागतात, म्हणून ते उरलेलं पाणी वेळेत काढून टाकावं लागतं. मापक आता आलं. पूर्वीच्या मिठआगऱ्याला हे पाण्याच्या रंगावरून, जिभेवरून आणि पायाच्या तळव्याला लागणाऱ्या खरखरीवरून कळत होतं. आगरी हे जातीचं नावच आगरावरून आलं आहे, आणि मीठ पिकवणाऱ्यांना मीठआगरी म्हणत.

खरा हंगाम थंडी सरल्यावर तापतो आणि वळवाचा पहिला पाऊस पडला की संपतो. तळपत्या उन्हात लाकडी फावड्यांनी मीठ ओढायचं, पाटीत भरायचं, डोक्यावरून बांधापर्यंत वाहायचं आणि रास घालायची. हे काम आता बहुतेक डहाणू-तलासरीकडून येणारी आदिवासी कुटुंबं करतात. हंगामभर ती आगरावरच्या झोपड्यांत राहतात. पायाच्या भेगांत मीठ शिरतं, जखम भरत नाही, आणि पांढऱ्या राशींवरून परतणाऱ्या उजेडाने डोळे जातात. मिठाच्या कराचा इतिहास लिहिताना हे पाय आणि हे डोळे बहुधा वगळले जातात. कर पुड्यावर नव्हता. तो या पाट्यांवर होता.

जे सगळ्यांना लागतं आणि कुणालाही करता येतं

मिठावर कर घेण्याची कल्पना इंग्रजांची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लवणाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे. तयार मिठातला राजाचा वाटा वेळच्या वेळी घेणं हे त्याचं काम, आणि परमुलखातून आलेल्या मिठातला सहावा भाग राजाने घ्यावा असं तिथे सांगितलं आहे. आज जयपूरला लवण भवन नावाच्या इमारतीत भारताचे मीठ आयुक्त बसतात. इतकं जुनं पद अजून त्याच अर्थाच्या नावाने नांदतंय, अशी उदाहरणं फार सापडणार नाहीत.

मराठी मुलखातला दाखला याहून जवळचा आहे. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहिलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त होतं, म्हणून व्यापारी तिकडे वळले होते आणि स्वराज्यातल्या आगरांचं मीठ पडून राहण्याची वेळ आली होती. महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितलं, म्हणजे ते इथल्या मिठापेक्षा महाग पडेल आणि व्यापारी परत फिरतील. तिजोरी भरणं हा त्या जकातीचा मुख्य हेतू नव्हता. आगर पिकवणाऱ्या रयतेला ती कवचासारखी होती. हे पत्र हाताशी ठेवलं की पुढच्या शतकांत मिठाच्या कराचं काय झालं ते नीट दिसतं. तोच कर कवचाचा फास झाला.

याचं कारण मिठाच्या स्वभावात आहे. जमीन जागची हलत नाही, त्यामुळे शेतसारा घेणाऱ्याला ती मोजून ठेवता येते. व्यापारी माल रस्त्याने जातो, तिथे नाकं बसवता येतं. मीठ प्रत्येक घराला रोज लागतं, म्हणून करासाठी त्याहून चांगली वस्तू नाही. पण ऊन आणि खारं पाणी कुणाच्या मालकीचं नसतं. किनाऱ्यावरची बाई खडकातल्या खळग्यात सुकलेलं मीठ पदरात घेऊन घरी जाऊ शकते. तिला अडवल्याशिवाय मिठावर कर बसत नाही. म्हणून हा कर वसूल करायचा तर आधी पहारा हवा.

सरकारकून

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी मिठावर उत्पादनाच्या जागीच कर बसवला १८३७ साली, मणाला आठ आणे. १८४४मध्ये तो एक रुपया केला तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला बारा आण्यांवर यावं लागलं. पुढे मात्र दर चढतच गेला. १८५९ साली एक रुपया, १८६१ला सव्वा, १८६५ला दीड, १८६९ला एक रुपया तेरा आणे, १८७७ला अडीच रुपये. हा मण सुमारे ३७ किलोंचा. मीठ आगरावर तयार व्हायला मणाला काही आणेच लागत. म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांत मिठाची किंमत थोडी आणि कराची फार.

दर इतका चढला की चोरी फायद्याची होते. म्हणून मग खातं वाढतं. १८७०च्या सुमाराला डब्ल्यू. जी. पेडर या अधिकाऱ्याने इलाख्यातल्या मिठाच्या कारभाराची चौकशी केली. त्यानंतर मीठ महसुलासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि १८७३चा व नंतर १८९०चा मुंबई मीठ कायदा आला. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या ठाणे जिल्ह्याच्या १८८२च्या गॅझेटियरमध्ये मिठागरांना चांगली जागा मिळाली आहे, कारण जिल्ह्याच्या महसुलात मीठ ही वजनदार बाब होती.

या कायद्यांखाली आगर कसं चाले? परवान्याशिवाय मीठ पिकवता येत नसे. पिकलेलं मीठ ठरल्या जागी रास घालून ठेवायचं. खरीददाराने आधी सरकारात कर भरायचा, मग परवाना घेऊन आगरावर यायचं. तिथे खात्याच्या माणसांसमोर मीठ काट्यावर चढायचं आणि परवान्यात लिहिलं असेल तेवढंच बाहेर जायचं. गाडी किंवा पडाव पुढच्या नाक्यावर पुन्हा तपासला जायचा. हा कारभार पाहणाऱ्या खालच्या अधिकाऱ्याला मुंबई इलाख्यात सरकारकून म्हणत. त्याच्या हाताखाली कारकून, शिपाई आणि रात्रीचे पहारेकरी असत. आगराच्या कडेला त्यांची चौकी असे. आगर मालकाचं असलं तरी राशीपर्यंत जाणारी वाट चौकीवरून जायची.

पहारा परवडायचा तर विखुरलेली लहान आगरं चालत नाहीत. म्हणून कितीतरी छोटी आगरं बंद करण्यात आली आणि उत्पादन मोठ्या, सलग, राखायला सोप्या पट्ट्यांत गोळा झालं. भाईंदर, राई, मुर्धा, उरण, वसई या पट्ट्यांचं महत्त्व वाढलं ते काही अंशी यामुळे. नवघरला उभं राहून दिसणारी ही रुंद, सलग, इमारतींशिवायची जमीन निसर्गाने दिली तितकीच पहाऱ्याच्या सोयीने घडवली आहे.

आपोआप सुकलेल्या मिठाचं काय करायचं, हाही प्रश्न होता. खात्याची माणसं ते मातीत मिसळून किंवा पाणी सोडून नष्ट करत. देवाने दिलेलं अन्न पायाखाली तुडवणं हे काम पगार घेऊन करावं लागे. मासळी खारवणाऱ्या कोळ्यांची अडचण तर आणखी वेगळी होती. पुऱ्या कराचं मीठ घेतलं तर सुकी मासळी परवडेना. त्यासाठी सरकारने किनाऱ्यावर जागोजाग आवारं केली. तिथे मासळी आणायची, सरकारी देखरेखीखाली सवलतीचं मीठ घ्यायचं आणि तिथल्या तिथे खारवायचं. घरी नेलेलं सवलतीचं मीठ डाळीत पडू नये म्हणून ही तजवीज.

उत्तर हिंदुस्थानात तर याच करासाठी काटेरी झुडपांचं कुंपणच लावलं होतं. सिंधूपासून ओडिशाकडे जाणाऱ्या, दोन हजार मैलांहून लांब अशा त्या जकात रेषेवर हजारो माणसं पहाऱ्याला असत. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेले ए. ओ. ह्यूम काही वर्षं त्या रेषेचे प्रमुख होते. १८७९ साली ती रेषा मोडली, कारण मीठ जिथे तयार होतं तिथेच सरकारने ते धरायला सुरुवात केली. कुंपण रस्त्यावरून उठलं आणि पहारा आगरावर एकवटला.

गोखल्यांचं गणित

या कराविरुद्धचा एक मोठा लढा चिमूटभर मीठ उचलून झाला नाही. तो आकड्यांनी झाला, आणि लढणारा माणूस मराठी होता. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इम्पीरियल कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिलं भाषण केलं. सरकारच्या तिजोरीत शिल्लक वाढत असताना लोकांवरचे कर त्याच चढ्या दराने का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मिठाचा कर कमी करा ही ठाम मागणी. मीठ महागलं की गरीब ते कमी खातो, आणि मिठात काटकसर करणं म्हणजे शरीराशी काटकसर करणं, हे त्यांनी खपाच्या आकड्यांवरून मांडलं. पुढच्याच वर्षी कर अडीचवरून दोन रुपयांवर आला, १९०५ला दीड आणि १९०७ला एक रुपया. दर उतरला तसा खप वाढला. गोखले दर वर्षी ते आकडे पुन्हा सभागृहापुढे ठेवत राहिले. हे काम दिखाऊ नव्हतं, पण कुणाच्या तरी ताटातल्या मिठाचं वजन त्याने वाढलं.

महायुद्धानंतर तूट आली आणि सरकारला पुन्हा मीठच आठवलं. १९२३मध्ये, तोवर सव्वा रुपयावर गेलेला कर अडीच रुपये करायचा ठराव कायदेमंडळाने फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी स्वतःच्या अधिकारात तो मंजूर केला. एका वर्षाने सव्वा रुपयावर परतावं लागलं. लोकांनी निवडून दिलेल्यांनी नाही म्हटलेला कर लोकांच्या जेवणातून काढला गेला, ही आठवण सात वर्षांनी कामी आली.

१९३०च्या मिठाच्या सत्याग्रहाचं चित्र दांडीपुरतं पाहिलं तर अर्धवट राहतं. विलेपार्ल्याला जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने छावणी पडली. वडाळ्याच्या मिठागरांवर मे महिन्यात माणसांच्या लाटा चालून गेल्या. १२ मे रोजी दक्षिण कोकणात शिरोड्याला सत्याग्रह झाला. वडाळा आणि शिरोडा ही दोन्ही आगरं नवघरच्याच जातीची. तोच बांध, तीच कोंडी, तीच चौकी. सत्याग्रही जिथे घुसले ती जागा रिकामी नव्हती. तिथे रोजंदारीवर मीठ ओढणारी माणसं होती, आणि चौकीत बसलेला शिपाई बहुधा त्यांच्याच मुलखातला होता.

मार्च १९३१च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरतं आणि गावातल्या गावात विकण्यापुरतं मीठ गोळा करायची मोकळीक मिळाली. कर मात्र राहिला. तो रद्द झाला १ एप्रिल १९४७ला. अंतरिम सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी फेब्रुवारीअखेर मांडलेल्या अंदाजपत्रकात ती घोषणा होती. आगरावरच्या चौकीतल्या काट्याला त्या दिवशी कराचं काम उरलं नाही.

पुठ्ठ्यावर राहिलेलं मीठ

खातं मात्र संपलं नाही. याची गोष्ट राष्ट्रीय कर यंत्रणेच्या घडणीत आहे.

१८६०मध्ये जेम्स विल्सन यांनी आयकर आणला, १९२२ला आयकराचा नवा कायदा झाला आणि १९२४मध्ये केंद्रीय महसूल मंडळ उभं राहिलं. आयकर, सीमाशुल्क, अबकारी आणि मीठ हे सगळं एकाच मंडळाच्या छायेखाली आलं. १९४४ साली केंद्राने निरनिराळे उत्पादन शुल्काचे कायदे एकत्र केले. त्या कायद्याचं नाव होतं केंद्रीय अबकारी व मीठ कायदा. तीन वर्षांत मिठाचा कर गेला, पण मीठ कायद्याच्या नावात आणखी जवळजवळ पन्नास वर्षं राहिलं. ते निघालं १९९६ साली. त्याच वर्षी मीठ पिकवण्याचं परवाना राजही मोडीत निघालं. दहा एकरांपर्यंतच्या लहान आगरांना स्वातंत्र्यानंतर लगेचच परवान्यातून सूट मिळालेली होती.

मंडळाची वाटणी १९६३च्या कायद्याने झाली. प्रत्यक्ष करांचं एक आणि अबकारी व सीमाशुल्काचं दुसरं. या दुसऱ्या मंडळाचं नाव २०१८मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ असं झालं, कारण १ जुलै २०१७पासून वस्तू व सेवा कर लागू होऊन अबकारीचा बहुतेक पसारा त्यात विरघळला होता.

नवघरच्या स्टीलच्या गाळ्यांना हा इतिहास आपला वाटायचं कारण नाही. तरी तो त्यांच्या दारातूनच गेला आहे. अबकारी खात्याच्या जुन्या पद्धतीत कारखान्याच्या फाटकावर अधिकाऱ्याचं राज्य असे. माल किती तयार झाला ते रोजच्या नोंदवहीत लिहायचं, शुल्क खात्यात आगाऊ भरायचं आणि गेट पास फाडल्याशिवाय काही बाहेर न्यायचं नाही. १९६८पासून बऱ्याच मालाला स्वतःच शुल्क ठरवून माल हलवायची मुभा मिळाली, पण गेट पास १९९४पर्यंत होता. स्टीलच्या पट्ट्या थंड लाटणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी तर मालावर नव्हे, यंत्रांच्या संख्येवर दरमहा ठरावीक शुल्क घ्यायची सोय होती. वजनकाट्यावर भांडत बसण्यापेक्षा यंत्रं मोजणं सोपं.

सरकारकुनाचा परवाना, अबकारीचा गेट पास आणि आजचं ई-वे बिल ही एकाच कुळातली भावंडं आहेत. कराची नोंद झाल्याचा कागद सोबत असल्याशिवाय माल फाटकाबाहेर जायचा नाही, हे तिन्हींचं तत्त्व. फरक इतकाच की चौकी आता गाडीच्या मागे लागलेली नसते, ती संगणकात असते. हा फरक लहान नाही. सरकारकुनाच्या मर्जीवर गाडी दिवसभर उभी राहत होती. आज गाळ्यातला मुनीम फोनवर दोन मिनिटांत क्रमांक काढतो. ज्याने गेट पासचा आणि आजचा असे दोन्ही काळ पाहिले त्याला सुटका म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. भांड्यांवरचा कर १२ टक्क्यांचा होता, तो सप्टेंबर २०२५मध्ये ५ टक्क्यांवर आला. मिठावर तो शून्य आहे. खडे मीठ असो की बारीक, मिठाला वस्तू व सेवा कर नाही, आणि करमुक्त असल्याने ई-वे बिलही नाही.

जमीन कुणाची

कर शून्य झाल्यावर मीठ खातं काय करतं, हा प्रश्न बांधावर उभं राहिलं की पडतोच. राज्यघटनेच्या केंद्रीय सूचीत ५८व्या नोंदीला मीठ आहे. त्यामुळे मीठ आयुक्तांचं संघटन केंद्राच्या वाणिज्य व उद्योग मंत्रालयाखाली चालतं. मुंबईतलं उपमीठ आयुक्तांचं कार्यालय इथल्या आगरांचं पाहतं. १९५३च्या कायद्याने मिठावर एक लहान उपकर होता, ४० किलोंना १४ पैसे. तो मीठ कामगारांच्या सोयी, प्रयोगशाळा, रस्ते यांसाठी वापरायचा होता. हा कायदाही आता रद्द झाला आहे. आयोडीनची तपासणी हे खात्याचं आजचं महत्त्वाचं काम. गलगंड रोखण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकण्यावर २००६पासून देशभर बंदी आहे. या कामाची थोरवी कमी लेखू नये. ज्या यंत्रणेने एकेकाळी मीठ लोकांपासून लांब ठेवलं, तीच आता ते चांगलं होऊन पोहोचावं याची काळजी घेते.

पण भाईंदर, नवघर, मुंबईत खात्याचं नाव वर्तमानपत्रात येतं ते जमिनीसाठी. कराच्या काळात सरकारने आगरं राखली, भाडेपट्ट्याने दिली, त्यांच्या हद्दी आखल्या. कुठे जमीन केंद्राची आणि मीठ पिकवणारा पट्टेदार. कुठे शिलोत्री, म्हणजे आगरमालक, पिढ्यान् पिढ्यांचा हक्क सांगतो. कुठे राज्याच्या महसूल खात्याची नोंद वेगळं बोलते. पट्ट्यांच्या मुदती संपल्या, काही नव्याने झाल्या, काही न्यायालयात गेल्या. जमीन खारी असेपर्यंत या भांडणात कुणाला घाई नव्हती. शहर आगराच्या बांधाला येऊन टेकलं तेव्हा एकरी भाव मिठाच्या हजारो हंगामांपेक्षा मोठा झाला.

कांजूरमार्गचं प्रकरण याचं ठळक उदाहरण. मेट्रोच्या कारशेडसाठी २०२०मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी १०२ एकर जमीन मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) दिली. मीठ आयुक्तांच्या वतीने केंद्र सरकार न्यायालयात गेलं, आणि डिसेंबर २०२०मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं. चार वर्षांनी चित्र बदललं. २०२४ साली मुलुंड, भांडुप, कांजूर भागातली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनाच्या घरांसाठी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. मीरा-भाईंदरमध्येही आगरांच्या जमिनीवर घरं, रस्ते, प्रकल्प यांची चर्चा सतत चालू असते.

या जमिनीवर घरं बांधावीत की नाही, यावर माणसं मनापासून भांडतात आणि भांडायलाच हवं. मुंबई परिसरात घराची गरज खरी आहे. पण २६ जुलै २००५ची आठवणही खरी आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी भरतीचं पाणी आणि पावसाचं पाणी एकमेकांना भिडतं, तेव्हा पसरायला सपाट, सखल, उघडी जागा लागते. आगराचे वाफे म्हणजे नेमकी तीच जागा आहे. पाणी घ्यायचं, थांबवायचं आणि हळूहळू सोडायचं, हेच तर आगराचं काम. इथे भराव पडला की हे काम करायला दुसरं कुणी नाही. लेखासाठी बांधावर फिरताना सगळ्यात जास्त खटकतं ते हे, की आगराच्या जमिनीबद्दलच्या चर्चेत केंद्र असतं, राज्य असतं, पट्टेदार असतो, विकासक असतो, न्यायालय असतं. मीठ ओढणारी बाई नसते. जमिनीचा निकाल काहीही लागला तरी तिच्या रोजगाराची नोंद कुठल्याच सात-बाऱ्यावर नाही.

मिठाचा धंदाही थकला आहे. देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ गुजरातेत होतं, मोठ्या आगरांत, यंत्रांनी. भाईंदरचं जाडं मीठ बर्फाच्या कारखान्यांना, कातडी कमावणाऱ्यांना, मासळी खारवणाऱ्यांना जातं. बांध सांधायची मजुरी वाढली, खाडीचं पाणी नाल्यांच्या घाणीने गढूळ झालं, जवळच्या इमारतींची धूळ राशीवर बसते. आगर पडीक टाकणाऱ्या मालकाला दोष देणं सोपं आहे, पण हिशेब त्याच्या बाजूने नाही.

अमावास्या

लक्ष्मीपूजन अमावास्येला येतं, आणि अमावास्येला उधाण असतं. संध्याकाळी नवघर रस्त्यावरच्या गाळ्यांना झेंडूची तोरणं लागतात. प्रेस बंद असतो. टेबलावर लाल कापडात वह्या असतात, त्यांच्यावर कुंकू, नाणी, विड्याची पानं. हिशेब आता संगणकात असतात, म्हणून काही ठिकाणी त्याच्या पडद्यालाही हळद-कुंकू लागतं. बाहेर शेवटचा टेम्पो खोके घेऊन निघालेला असतो आणि चालक फोनमध्ये ई-वे बिलाचा क्रमांक पुन्हा एकदा पाहून घेतो.

त्याच वेळी वस्तीपलीकडे खाडी चढू लागते. अजून पाणी आत घ्यायची वेळ झालेली नाही. आधी पावसाचं पाणी पुरतं काढायचं आहे, बांध वाळायचे आहेत. म्हणून उघाडी बंद ठेवावी लागते. एक माणूस बॅटरी घेऊन बांधावरून चालत जातो, जिथे दुपारी चिखल थापला तिथे थांबतो, वाकून हात लावतो. मागे इमारतींवर आकाशकंदील लागले आहेत. बांधाला बाहेरून पाणी टेकलेलं आहे आणि एका ठिकाणी, हाताच्या रुंदीएवढ्या जागेतून, ते आत झिरपतंय. तो बॅटरी बांधावर ठेवतो आणि दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागतो.